धाकट्या भावाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, हे त्याला कसे विचारावे?

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत त्याने मला, आणि घरात फक्त मलाच, सांगितले की त्याला मुलींविषयी कधी आकर्षण वाटलेले नाही. तो समलिंगी आहे. मी त्या वेळी 'बरं, ठीक आहे' एवढेच म्हणालो आणि विषय बदलला. त्याबद्दल आज मला स्वतःची लाज वाटते.

महिन्यापूर्वी त्याचा फोन आईच्या हाती लागला, एका मित्राशी झालेले बोलणे वाचले गेले आणि मग घरात व्हायचे ते सगळे झाले. फोन काढून घेण्यात आला आणि वसतिगृह सोडायला लावून त्याला गावी आणले गेले. वडील एका डॉक्टरांना भेटून आले. 'सहा महिने इंजेक्शने आणि समुपदेशन केले की मुलगा सरळ होईल' असे आश्वासन त्यांनी दिले आहे. पुढच्या आठवड्यात त्याला तिकडे न्यायचे ठरले आहे. दरम्यान आत्याने एक स्थळही सुचवून ठेवले आहे.

भाऊ आईच्या फोनवरून माझ्याशी बोलतो तेव्हा हो-नाहीपलीकडे काही बोलत नाही. परवा मात्र मध्येच म्हणाला, 'दादा, मी फार थकलोय.' तो रात्रभर जागा असतो, असे आई सांगते, आणि त्याने जिवापाड जपलेली पुस्तके मावसभावाला देऊन टाकली, हेही तिने सहज बोलता बोलता सांगितले. तेव्हापासून माझ्या पोटात खड्डा पडला आहे. मी त्याला थेट विचारू का? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरला जाईल, अशी भीती वाटते. आणि वडील ज्या उपचारांविषयी बोलत आहेत, त्यांना खरोखर काही आधार आहे का?

मनोवैद्य · सोमवार, रात्री १२.२५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न तपासता कोणाचेही निदान करता येत नाही, तरीही तातडीचे तेवढे आधी सांगतो. थकल्याची भाषा, झोप उडणे आणि जपलेल्या वस्तू वाटून टाकणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. सकाळच्या पहिल्या गाडीने गावी जा. तोवर आई-वडिलांपैकी कोणीतरी त्याच्या खोलीत झोपावे, असे आजच रात्री त्यांना सांगा. कारण सांगताना त्याची झोप उडाली आहे एवढेच पुरे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते; त्यावर तुम्ही स्वतःही बोलू शकता. धोका समोर उभा आहे असे वाटले, तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

आता विचारण्याविषयी. विचारल्याने विचार रुजतो, ही भीती जुनी आहे आणि तिला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उलट कोणीतरी स्पष्ट विचारले, याने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. अडचण आपल्या भाषेत आहे. आपण विचारतो, 'तू काही बरंवाईट तर करून घेणार नाहीस ना?' या वाक्यातला शेवटचा 'ना' समोरच्याकडून 'नाही'च वदवून घेतो. विचारणाऱ्याला धीर मिळतो आणि ज्याला विचारले तो पुन्हा एकटा पडतो. त्याऐवजी शांतपणे विचारा, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' उत्तर 'हो' आले, तर ओरडू नका, रडू नका आणि उपदेशही करू नका. कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, एवढे विचारा आणि ऐका. विशेषतः आईची शपथ घालू नका. शपथ घेतलेला मुलगा पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगत नाही, एवढाच तिचा परिणाम होतो.

शेतीच्या घरात फवारणीची औषधे असतातच. ती आणि घरातला गोळ्यांचा साठा कुलपात ठेवून किल्ली मोठ्यांकडे द्या. अशा विचारांची लाट तीव्र असते, पण बहुधा फार काळ टिकत नाही. ती येते तेव्हा घातक वस्तू हाताशी नसणे, यानेच कित्येक जीव वाचतात. त्यानंतर त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहा : लाट येते आहे हे त्याला कशावरून कळते, अशा वेळी तो एकटा काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, मदत कोणाला मागेल, कोणत्या डॉक्टरांना फोन करेल. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेला हा सुरक्षा आराखडा. २०१८ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झालेल्या अभ्यासात असा आराखडा आणि नंतर पाठपुराव्याचे फोन, एवढ्यावर पुढच्या सहा महिन्यांतले आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र कागद त्याच्या शब्दांत असावा, तुमच्या नव्हे.

राहिला उपचारांचा प्रश्न. तुमच्या भावाला नैराश्य असू शकते आणि नैराश्यावर चांगले उपचार आहेत. समलिंगी असण्यावर उपचार नाहीत, कारण तो आजारच नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने तो आजारांच्या यादीतून १९७३ साली काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली, आणि भारतीय मानसोपचार संघटनेनेही २०१८ साली तसे जाहीर केले. 'सरळ करण्याचा' प्रयत्न निरुपयोगी आहे एवढेच म्हणून मी थांबणार नाही. तो घातक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांना बदलण्याचा कोणी प्रयत्न केला नव्हता अशांपैकी २२ टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. आई-वडिलांनी बदलायचा प्रयत्न केला होता त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, आणि घरच्यांच्या जोडीला उपचारक किंवा धर्मगुरूही आले तिथे ६३ टक्के. आकडे तिथल्या २१ ते २५ वर्षांच्या तरुणांचे आहेत, आपल्याकडचे नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे.

काळा_कोट · सोमवार, सकाळी ८.१०

डॉक्टरांच्या उत्तराला कायद्याची थोडी जोड देतो, कारण वडिलांशी बोलताना भावाचे मत म्हणून सांगितलेले पटत नाही ते पुष्कळदा कायदा म्हणून पटते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३ नुसार, आपल्या समाजातल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ प्रमाणे लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो सज्ञान असल्यामुळे केवळ वडिलांनी सही केली म्हणून त्याच्यावर असे उपचार करता येणार नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. आपल्याच पूर्वग्रहांची तपासणी व्हावी म्हणून या न्यायमूर्तींनी आधी स्वतः मानसतज्ज्ञाकडून विषय समजावून घेतला होता, हे मला त्या निकालाइतकेच मोलाचे वाटते. त्याच प्रकरणातून पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य परिषदांना कळवले. म्हणजे ज्या डॉक्टरांनी इंजेक्शनांचे आश्वासन दिले आहे, त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. ती आज करा असे मी म्हणत नाही, आधी भाऊ.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. काही अघटित घडलेच, तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करणारी घरे मी पाहिली आहेत. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असलेली मानते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमाचा, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा, सरसकट गुन्हा उरलेलाच नाही. त्यामुळे क्षणाचाही विचार न करता न्यावे.

कायद्याचा आणि मुलांच्या मनाचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी : अमेरिकेत ज्या राज्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तिथे त्यानंतर शाळकरी मुलांमधले आत्महत्येचे प्रयत्न सुमारे ७ टक्क्यांनी, आणि त्यांतल्या लैंगिक अल्पसंख्याक मुलांमधले सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. लग्न त्या मुलांपैकी कोणालाच लगेच करायचे नव्हते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो हक्क नाकारला. त्या संध्याकाळी आपल्याकडच्या एकोणीस वर्षांच्या मुलांनी काय ऐकले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आप्पा_६७ · सोमवार, सकाळी ९.३५

सर्वांच्या ज्ञानाविषयी आदर राखून विचारतो. आमच्या काळातही असे मुलगे असत. वेळेवर लग्न लावून दिले की संसारात रुळत. आत्याबाईंनी सुचवलेले स्थळ पाहायला काय हरकत आहे? जबाबदारी अंगावर पडली की मनातले निराशेचे विचारही जातात, असा माझा अनुभव आहे.

उंबरठा · सोमवार, सकाळी १०.५०

आप्पा, 'रुळलेल्या' त्या मुलग्यांपैकी मी एक आहे. वय ४८. चोविसाव्या वर्षी लग्न झाले. मुलगी सुस्वभावी होती, घर चांगले होते. बाहेरून पाहणाऱ्याला मी रुळलेलाच दिसलो असणार, कारण दिसण्याची काळजी मी अहोरात्र घेत होतो. तेवढे एकच काम मी अकरा वर्षे केले. त्या काळात एकदा मी मरणाच्या दारातून परत आलो आणि घरच्यांनी 'कर्जाचा ताण' असे कारण लोकांना सांगितले. कर्ज नव्हते. आपल्या देशात आत्महत्यांच्या सरकारी नोंदींत लैंगिक कलाचा रकाना नाही. सर्वांत मोठा रकाना 'कौटुंबिक समस्या' असा असतो, आणि त्या दोन शब्दांत आमच्यासारखे किती जण मावले असतील ते मोजायला कोणी बसलेले नाही.

माझ्यापेक्षा मोठा अन्याय त्या मुलीवर झाला, जिला आपले काय चुकते आहे हेच वर्षानुवर्षे कळत नव्हते. आम्ही वेगळे झालो, तिने पुढे दुसरे लग्न केले, ती सुखात आहे. कृष्णाकाठ, त्या स्थळाला आजच नकार कळवा. भावाला तुम्ही काय सांगता याइतकेच, त्या नकाराचा फोन त्याच्या कानावर पडणे महत्त्वाचे आहे.

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री १०.१५

दुपारी गावी पोहोचलो. त्याला मळ्यात घेऊन गेलो आणि डॉक्टरसाहेबांनी दिलेले वाक्य जसेच्या तसे विचारले. माझा आवाज कापत होता. तो बराच वेळ बांधावर बसून राहिला आणि मग 'हो' म्हणाला. दोन आठवड्यांपासून रोज. पुढचे इथे लिहीत नाही, पण मी मध्ये बोललो नाही आणि शपथ घातली नाही. शेवटी तो म्हणाला, 'दिवाळीत तू विषय बदललास तेव्हा मला वाटलं, तुलाही किळस आली.' मी माफी मागितली. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप घातले आहे, किल्ली वडिलांकडे आहे आणि आज मी त्याच्या शेजारी झोपणार आहे. आत्याला फोन त्याच्या समोरच केला.

आईचे काय करू? ती रागावलेली नाही, ती सारखी रडते आणि 'माझ्याच पोटी का' म्हणते. त्याला ते भिंतीपलीकडून ऐकू येते.

आईच · सोमवार, रात्री ११.३०

तुमच्या आईंचे ते वाक्य मी दोन वर्षे म्हटले आहे, म्हणून लिहिते. माझा मुलगा आज तिशीत आहे, आम्ही नाशिकला असतो. त्याने सांगितले तेव्हा मी त्याला एक शब्दही वाकडा बोलले नाही, फक्त रडले, आणि मी त्याला काहीच त्रास दिला नाही असे मला पुढे कितीतरी दिवस वाटत होते. नंतर तो म्हणाला की बाबांचे ओरडणे सोसवत होते, तुझे रडणे नाही, कारण आपण जिवंत आहोत हेच आईच्या दुःखाचे कारण आहे असे त्याला वाटू लागले होते. आईंना रडू नका असे सांगू नका, त्यांचेही काहीतरी गेले आहेच. सुनेची, नातवंडांची जी चित्रे मनात होती ती एका दिवसात पुसली जात नाहीत. पण ते रडणे बहिणीजवळ, शेजारणीजवळ, दुसऱ्या आईजवळ व्हावे. मुंबईत २०१७ साली अशाच पालकांनी 'स्वीकार' नावाचा गट सुरू केला आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टने हा विषय मराठीतून मांडला, आणि मला जे काही कळले त्याची सुरुवात मराठीतूनच झाली. इंग्रजीत वाचलेले डोक्यात जात होते, खाली उतरत नव्हते.

डॉक्टरांनी ज्या कॅटलिन रायन यांचे नाव घेतले, त्यांचाच २००९ सालचा एक अभ्यास मला समुपदेशकांनी समजावून सांगितला होता. घरातून फार नाकारल्या गेलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, जवळजवळ न नाकारल्या गेलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट निघाले होते. मी घाबरून विचारले की नाकारणे म्हणजे नेमके काय, आम्ही तर त्याला घराबाहेर काढले नाही. तेव्हा कळले की मित्रांशी बोलणे तोडणे, बाहेर त्रास झाला तर 'तूच तसा वागतोस' म्हणणे, पाहुण्यांपासून गोष्ट लपवायला लावणे हे सगळे त्यातच मोजले होते. तुमच्या घरात काढून घेतलेला फोन अजून कपाटात असेल, तर आईंना तो त्यांच्या हाताने परत द्यायला लावा. त्यांना सगळे पटेपर्यंत थांबू नका. मलाही पटायच्या आधी मी पुष्कळ गोष्टी नुसत्या करून पाहिल्या. त्याच्या मित्राला जेवायला बोलावले तेव्हा माझे हात थंड पडले होते, आणि त्या मुलाने आमटी दोनदा मागून घेतली.

ती_मीच · मंगळवार, सकाळी ७.२०

मी पारलिंगी स्त्री आहे, म्हणजे जन्मतः मला मुलगा मानले गेले, म्हणून माझा प्रश्न आपल्या भावाच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. पण घराने काय करावे याविषयी आईंनी लिहिले त्याला पुस्ती जोडावीशी वाटते.

अमेरिकेत १२९ पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्रमंडळ यांपैकी किती ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जाते, एवढेच पाहिले होते. असे एक ठिकाण वाढले की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि आत्मघाती वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळले. वाचताना वाटले की इंग्रजीत हे किती सोपे आहे. नाव आणि एखादे सर्वनाम सांभाळले की झाले. मराठीत मी 'मला भूक लागली' असे म्हणून सुटू शकते, पण 'आले' की 'आलो', 'जेवते' की 'जेवतो' हे वाक्यागणिक ठरवावे लागते. सोळाव्या वर्षापासून मी घरात क्रियापदे गाळून बोलत असे. घरच्यांना वाटे, पोरगा घुमा झाला आहे. मी फक्त व्याकरण चुकवत होते.

एके दिवशी आजी चुलीपाशी बसून सहज म्हणाली, 'आलीस? हात धू.' तिला काय कळले होते, कोणी सांगितले होते, मी विचारले नाही. घरात बाकी काहीही बदललेले नव्हते, वडील माझ्याशी पुढे तीन वर्षे बोलले नाहीत, पण माझ्यापुरते एक ठिकाण झाले होते. कृष्णाकाठ, आपल्या भावापुरते ते ठिकाण काल बांधावर झाले आहे. सर्वांना एकदम पटवण्याच्या नादात ते मोडू देऊ नका. आणि कोणाला सांगायचे, कधी सांगायचे हे त्याला ठरवू द्या. चुलत्यांना आपणहून 'समजावून' सांगायला जाऊ नका.

मनोवैद्य · मंगळवार, दुपारी १.०५

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलेत ते फार चांगले केलेत. पण 'रोज' हा शब्द मी सोडणार नाही. दोन-तीन दिवसांत त्याची प्रत्यक्ष तपासणी झाली पाहिजे. वेळ घेतानाच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'मुलगा समलिंगी आहे, तुम्ही ते बदलायचा प्रयत्न करणार का?' उत्तर देताना ते घुटमळले, तर दुसरे डॉक्टर शोधा. औषध सुरू झाले, तर पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे अधिक लक्ष ठेवावे लागते, हे लक्षात असू द्या. मध्येच तो अचानक शांत, हलका दिसू लागला, तरी पहारा ढिला करू नका.

कृष्णाकाठ · बुधवार, रात्री ९.५०

शुक्रवारी सकाळी साडेअकराची वेळ मिळाली आहे. प्रश्न विचारला, बाई म्हणाल्या, 'बदलायचं काय आहे त्यात, त्याची झोप आधी परत आणू.' त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरांकडे जाणे रद्द झाले. वकीलसाहेबांनी लिहिलेले वडिलांना वाचून दाखवले, ते काही बोलले नाहीत, पण शुक्रवारी गाडी मी चालवतो म्हणाले. आई येणार नाही म्हणते. फोन मात्र तिने आज संध्याकाळी चार्ज करून त्याच्या उशाशी ठेवला.

मनोवैद्य · बुधवार, रात्री १०.३०

आईंना आग्रह करू नका, पुढच्या खेपेला येतील. आधीची काही औषधे चालू असतील तर ती आणि त्याने लिहिलेला कागद बरोबर घ्या. डॉक्टर सुरुवातीला त्याच्याशी एकट्याने बोलतील, तेव्हा तुम्ही आणि वडील बाहेर बसा.